निसंगबाबाचं समन्स

"बाबा मौनात हायत," माणिकराव म्हणाला. "चाळीस दिवस कोनाले भेटत नाईत, कोनाशी बोलत नाईत. तुमी थो कागद त्या पायरीवर ठेवा. मी पोचवतो."

शालिकराम खिल्लारेनं खाकी कोटाच्या खिशावर हात ठेवला, पण कागद बाहेर काढला नाही.

"पायरीवर ठेवता येत नाई, पाटील. सम्मन हाय. ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात देन्याचा हुकूम हाय. त्यानं माह्या हातातून घ्यावं न् सही करावी. बोलायचं काम नाई. मौनातबी सही होते."

माणिकराव मठाचा कारभारी. तो सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता आणि शालिकराम सगळ्यात खालच्या. मधल्या पाच पायऱ्या चढायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी मना केलं असतं तरी शालिकराम चढला असता. पण वर दार बंद होतं, आणि कोर्टाच्या बेलिफला बंद दार ढकलता येत नाही. तो खालच्या पायरीवर बसला. ऊन मठाच्या कळसावरून उतरून मागं जाईपर्यंत बसून राहिला. कोणी बाहेर आलं नाही. मग त्यानं डायरीत वेळ लिहिली आणि उठला.

टेकडीखाली पळसाच्या झाडाखाली पंचफुला बसली होती. प्रतिवादीला ओळखून दाखवायला वादीकडचं माणूस बरोबर लागतं. या दाव्यात वादीकडचं माणूस म्हणजे ती एकटीच.

"दिसले का?" तिनं विचारलं.

"नाई. मौन हाय म्हनतात."

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली. "घरीबी लय बोलत नव्हते," एवढंच म्हणाली.

वाशीमच्या कोर्टात शालिकरामची चोवीस वर्षं झाली होती. त्याच्या बापानं गावकीत जन्म काढला होता. कोणी मेलं की पाव्हण्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचं, पाटलाची चिठ्ठी तालुक्याला न्यायची, आणि लोकांच्या दारात लांब उभं राहून ओरडून सांगायचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर म्हाताऱ्यानं ते काम सोडलं. मुलगा सातवी शिकून आधीच बेलिफ झाला होता. म्हातारा हसून म्हणायचा, "मी सांगावे नेले, तूबी सांगावेच नेतं. फरक एवढाच का तुह्या हातचा कागद त्याहिले घ्या लागते." हे शालिकरामनं मनात जपून ठेवलं होतं. मोठमोठ्या वाड्यांच्या ओट्यांवर लोकांनी त्याला सांगितलं होतं, कागद दगडावर ठेव. त्यानं एकदाही ठेवला नव्हता.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर पंचफुलाचा दावा दाखल झाला. वाशीमच्या उत्तरेला तिचा मळा, तीन एकरांचा. वांगी, मेथी, कांद्याची पात. लग्न होऊन इंझोरीहून ती या मळ्यात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. नवऱ्याचं नाव उकंडा पुंजाजी. चार वर्षं संसार झाला. एका आषाढात तो बैलांची झूल आणायला म्हणून बाजाराला गेला आणि परत आला नाही. कोणी म्हणालं विहिरीत पडला, कोणी म्हणालं मुंबईला गिरणीत आहे. सासरा त्याच धसक्यानं गेला. मागं सासू हौसाबाई आणि पंचफुला. नवव्या वर्षी कळलं की अनसिंगच्या पलीकडे टेकडीवर एक बाबा आले आहेत, बालब्रह्मचारी आहेत, निसंगबाबा म्हणतात, आणि त्यांच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली आहे. उकंडाच्या कानाची पाळी लहानपणी बैलाच्या शिंगानं तुटली होती.

सासू-सून एकदा जाऊन आल्या. दर्शनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर येण्याच्या आधी पडदा पडला. हौसाबाई त्यानंतर आठ वर्षं जगली. शेवटच्या आजारात तिनं मठात तीनदा निरोप धाडला. कोणी आलं नाही. चौदावं उरकल्यावर पंचफुला वकिलाकडे गेली.

"पोटगी मागू का?" वकिलानं विचारलं.

"मले पैसा नाई पायजे. मळा हाय."

"मग काय मागायचं?"

"त्याहिले कोर्टात आना. माह्यासमोर उभं करा. मी त्याहिची बायको हाव का नाई, मी कुंकू लावू का नको लावू, थे त्याहिनं तोंडानं सांगाव. मंग काईबी झालं तरी चालते."

असा दावा कायद्यात नव्हता. वकिलानं नांदवण्याचा दावा टाकला, कारण बोलावण्यापुरता तोच सोयीचा होता.

दुसऱ्यांदा ती दोघं अनसिंगला गेली. तिथं सप्ताह होता, काल्याचं कीर्तन बाबाचं होतं. मौन तेवढ्यापुरतं सुटलं होतं. शालिकराम मांडवात माणसांमध्ये बसला, पंचफुला बायकांमध्ये. बाबा उंच पाटावर उभे, भगवी छाटी, छातीवर रुळणारी दाढी. मोहमायेवर बोलत होते. आवाज चांगला होता. दहीहंडी फुटली, लोक उठले, लाह्यांचा प्रसाद घ्यायला झुंबड उडाली, आणि शालिकराम गर्दीतून वाट काढून पाटाशी पोचला तेव्हा पाट रिकामा होता. मांडवामागून दमणी सुटली होती, पडदे लावून. मठाचा गाडीवान फुलसिंग बैलांना हाकत होता.

पंचफुला रस्त्यावर उभी होती.

"पाह्यलं का तुमी?" शालिकरामनं विचारलं.

"गाडीत चढताना पाह्यलं. पाठमोरे होते. त्याहिचीच पाठ हाय. उजवा खांदा खाली पडते, वखर धरून धरून."

"पाठीवर सम्मन बजावता येत नाई, बाई."

ती हसली. शालिकरामनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एसटीला दोन तास होते. नाल्याच्या काठी सावलीत ती दोघं बसली. तिनं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर अर्धी केली, वर मेथीची भाजी ठेवली आणि त्याच्या हातात दिली. मग तांब्या दिला. शालिकराम ओंजळ पुढं करणार होता, हात तसे सवयीनंच पुढं आले होते. तिनं तांब्या त्याच्या हातात टेकवला आणि आपली भाकर खाऊ लागली. तो तांब्या तोंडाला लावून प्याला. पाणी गार होतं.

"तुमच्या घरी कोन हाय?" तिनं विचारलं.

"कोनी नाई. घरवाली रुख्मिणी जाऊन सहा वर्सं झाली. पोरगी अकोल्याले दिली."

"भाकर कोन करते?"

"मीच करतो. जाड होते."

"पानी जास्त घेत असान," ती म्हणाली.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी शालिकरामनं दाढी केली. एरवी तो आठवड्यातून एकदा, रविवारी करायचा. कोट धुऊन वाळत घातला. आरशात पाहताना त्याला आपलीच लाज वाटली, पण दाढी करून झाली होती.

तिसऱ्या खेपेला मठात कळलं की बाबा धनजकडे गेले आहेत. तो मुलूख वाशीम कोर्टाच्या हद्दीबाहेर. माणिकरावानं हे वरच्या पायरीवरून हसत सांगितलं. चौथ्या खेपेला बाबा परत आले होते, पण तापानं पडले होते, आणि कोणालाही आत सोडायचं नव्हतं. मठावर गेलं की पंचफुला पळसाखाली बसून वर बघायची. दर खेपेला परतताना ती दोघं त्या नाल्याशी थांबायची. सुरुवातीला ती त्याला "साहेब" म्हणायची. ते सुटलं. त्या जागी ती "भाऊ" म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिकडे सगळ्याच बाया म्हणतात. ती काहीच म्हणाली नाही. नुसतं "तुमी" म्हणायची. हे शालिकरामच्या लक्षात आलं होतं, आणि घरी चुलीपुढं बसल्यावर तो त्याचा पुन्हा पुन्हा विचार करायचा.

फेब्रुवारीत नाझरनं, म्हणजे बेलिफांवरच्या कोर्टातल्या अंमलदारानं, त्याला बोलावलं. "शालिकराम, चार खेपा झाल्या. आता कोर्टाची परवानगी घेऊ. मठाच्या दारावर चिकटव समन्स, पंचांच्या सह्या घे आणि मोकळा हो. दावा एकतर्फी निकालात निघेल."

त्यानं हे पंचफुलाला जाऊन सांगितलं. ती बाजारात ओट्यावर वांग्यांवर पाणी शिंपडत होती.

"दारावर चिकटवून काय होते?"

"थो आला नाई तरी निकाल तुमच्यासारखा लागते."

"निकाल घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "मले माणसाले इचारायचं हाय. दाराले काय इचारू?"

शालिकरामनं नाझरकडून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. कशासाठी मागितले, तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

पंधरापैकी बारा दिवस गेले. सोमवारी फुलसिंग कोर्टाच्या आवारात आला. दमणी बाहेर उभी करून तो शालिकरामला शोधत आला होता.

"बाबाची दाढ सडली," तो हळू आवाजात म्हणाला. "बारा दिवस झाले, नीट जेवले नाईत. लवंग झाली, अफूचं पानी झालं. उद्या मंगळवारी सरकारी दवाखान्यात अकोल्याचा दाताचा डॉक्टर येते. साध्या कपड्यात घेऊन जा म्हनते माणिकराव. लोकाहिले समजलं नाई पायजे. इतकी वर्सं बाबानं दाढीले कातर लावली नाई, न् काल सारी काढून टाकली."

"मले काहून सांगून राह्यला तू?"

फुलसिंगनं बैलांकडे पाहिलं. "थी बाई घडीघडी त्या झाडाखाली बसली. मी वरून पाह्यलं. मले बरं नाई वाटत."

मंगळवारी सकाळी शालिकराम दवाखान्याकडे निघाला. वाटेत बाजार लागतो. पंचफुलाच्या ओट्यावरून तो गेला नाही, मागच्या गल्लीनं गेला. खबर खरी की खोटी कोणास ठाऊक, उगाच तिला कशाला आशा लावायची, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण कागद पोचला की पाचवी खेप उरणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आठ-दहा माणसं होती. शेवटी एक माणूस बसला होता. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी. गालाला फडकं बांधलेलं. दाढी नसल्यानं चेहऱ्याचा खालचा भाग फिकट दिसत होता. शालिकराम त्याच्याकडे बघत उभा राहिला, पण खात्री होईना. तेवढ्यात कंपाउंडर वही घेऊन आला.

"नाव?"

त्या माणसानं क्षणभर विचार केला. निसंगबाबा हे नाव दवाखान्यात सांगण्याजोगं नव्हतं. दुसरं नाव त्याच्याजवळ एकच होतं.

"उकंडा पुंजाजी," तो म्हणाला. "राहनार वाशीम."

कंपाउंडरनं लिहून घेतलं आणि पुढं गेला. शालिकराम त्या माणसाशेजारी बाकावर बसला.

"मी कोर्टाचा बेलिप," तो म्हणाला.

त्या माणसानं मान वळवली. पळून जाईल असं शालिकरामला वाटलं, पण तो हलला नाही.

"वयखतो मी तुमाले," तो म्हणाला. सुजलेल्या गालामुळे शब्द जड येत होते. "मठात आले तवा पाह्यलं. वर झरोका हाय."

"मंग खाली काहून नाई आले?"

शालिकरामनं समन्स काढून पुढं धरलं. उकंडानं ते त्याच्या हातातून घेतलं. दुसऱ्या प्रतीवर सही करताना टाक थांबला.

"कोनतं नाव लिहू?"

"कागदावर हाय थेच."

त्यानं अक्षर अक्षर जोडून लिहिलं, शाळेतल्या मुलासारखं. बऱ्याच वर्षांत ते नाव त्यानं लिहिलं नसावं.

शालिकरामनं सही वाळू दिली आणि कागदाची घडी घातली. काम झालं होतं. इथून उठून कोर्टात जाऊन रिपोर्ट लिहिला असता तरी कोणी काही म्हणालं नसतं. पण तो उठला नाही.

"झूल आनाले गेलो होतो," उकंडा आपणहून बोलू लागला. "बाजारात एक साधू भेटला. त्याच्यासंगं एक रात राह्यलो. मजा वाटली. मंग दुसरी रात राह्यलो. पयल्या आठ दिवसांत घरी जाता येत होतं. बापानं मारलं असतं, बस. मंग महिना झाला. मंग कोनत्या तोंडानं जाव? मंग लोक पाया पडाले लागले, न् बाल्पनापासून ब्रह्मचारी हाय म्हनाले. मी नाई म्हनलो नाई."

"माय गेली तुमची."

"निरोप मले दिलाच नाई कोनी. दोन महिन्यांनी समजलं." त्यानं हातातल्या समन्सची घडी घातली. "दिला असता तरी गेलो असतो का नाई, सांगता येत नाई."

आत कोणीतरी कण्हत होतं. रांग एका माणसानं पुढं सरकली.

"थी इथंच हाय," शालिकराम म्हणाला. "बाजारात. बोलावून आनू का?"

उकंडा खाली बघत राहिला. शालिकराम उठला आणि निघाला. हा माणूस आपण परत येईपर्यंत राहणार नाही, असं त्याला वाटत होतं. ते खरं झालं तर आपल्याला वाईट वाटेल की नाही, हे त्याला कळत नव्हतं. तरी तो भरभर चालला, शेवटी तर जवळजवळ धावला.

पंचफुला गिऱ्हाइकाला मेथी देत होती. त्यानं सांगितलं. तिनं जुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि ओटा तसाच टाकला. चार पावलं गेल्यावर थांबली. पदरानं तोंड पुसलं, केस कानामागं सारले.

"माह्या तोंडाले माती त नाई ना?"

शालिकरामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नाई," तो म्हणाला.

उकंडा बाकावरच होता. ती समोर जाऊन उभी राहिली. शालिकराम व्हरांड्याच्या खांबाशी थांबला. त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर ओरडेल, लोक जमतील. सतरा वर्षं तिनं काय काय ठरवून ठेवलं असेल.

तिनं त्याच्या गालावरच्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दाढ कधीपासून दुखते?"

"पंधरा दिवस झाले."

"डावीकडचीच हाय. तवाबी दुखे."

"हो."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"माय तुमचं नाव घेऊन गेली," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"मले एक इचारायचं हाय. मी कुंकू लावू का नको?"

उकंडानं फडक्यावरून गाल दाबून धरला.

"मी येत नाई आता, पंचफुला. मले येता येत नाई. तू माही वाट पाहू नको."

"बरं," ती म्हणाली. पदर सारखा करून म्हणाली, "हे एवढंच होतं. चार खेपा आली मी."

कंपाउंडरनं हाक मारली, उकंडा पुंजाजी. तो उठला, उजवा खांदा खाली झुकवून आत गेला. पंचफुला बसून राहिली. दार लावलं होतं, तरी आतला आवाज ऐकू आला. तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, तोंडात कापसाचा बोळा, डोळ्यांत पाणी.

"दोन दिवस गरम खाऊ नका," ती उठत म्हणाली. "दूधबी गारच घ्या."

फुलसिंगनं दमणी दाराशी आणली. उकंडा चढला. आतला पडदा त्यानं सोडला नाही. दमणी वळणावर गेली तरी तो इकडेच तोंड करून बसलेला दिसत होता. पंचफुलानं मात्र तिकडे पाहिलं नाही. दवाखान्याच्या आवारातल्या नळावर तिनं तोंड धुतलं, कपाळ धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि बाजाराकडे चालू लागली.

"तुमी लय केलं," ती फाटकापाशी शालिकरामला म्हणाली. "आता तुमच्या खेपा वाचल्या."

त्या दुपारी शालिकरामनं रिपोर्ट लिहिला. प्रतिवादीस समन्स समक्ष बजावले, सही घेतली. नाझरनं वाचून त्याची पाठ थोपटली. तारखेला कोणी आलं नाही. पंचफुलानं वकिलाकडून दावा काढून घेतला होता. मठात पुढं बाबाची दाढी परत वाढली, आणि पुढच्या वर्षीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन त्यांचंच झालं, असं शालिकरामनं ऐकलं.

त्याच वर्षी चैत्र गेला, वैशाख लागला. शालिकराम दुसऱ्या गावांना दुसरे कागद नेत होता. रविवारी दाढी करत होता. भाकरीच्या पिठात पाणी कमी घालून पाहिलं, तर ती तुटायला लागली.

एका सुट्टीच्या दिवशी उन्हं कलल्यावर तो उत्तरेच्या रस्त्यानं चालत निघाला. कोट घातला नव्हता. मळ्याच्या कुंपणाशी जगदेव भेटला, शेजारचा माळी, खांद्यावर गवताचा भारा.

"काय बेलिपसाहेब, कोनाचं वारंट आनलं?"

"कोनाचं नाई. असाच आलो."

जगदेवला ते पटलं नाही. भारा सावरून तो पुढं गेला आणि दोनदा मागं वळून पाहून गेला. त्याचं चुकलं नव्हतं. चोवीस वर्षांत शालिकराम कागदाशिवाय कोणाच्याही दारी गेला नव्हता. नुसतं गेल्यावर हात कुठं ठेवायचे असतात, हेही त्याला समजत नव्हतं.

पंचफुला वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होती. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, हातात फावडं. पाऊलवाट संपली तिथं बांधावर तो उभा राहिला. तिनं वर पाहिलं. कपाळ मोकळं होतं, घामानं चमकत होतं. ती त्याला आणि त्याच्या रिकाम्या हातांना थोडा वेळ पाहत राहिली. कशाला आलात, असं तिनं विचारलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "एवढे वाफे होऊ द्या."

तिनं फावड्यानं एक दारं बुजवलं, दुसरं फोडलं. पाच-सहा वाफे राहिले होते. उन्हाळ्यानं विहिरीचं पाणी कमी झालेलं, त्यामुळं दांडातून ते हळू येत होतं. कोरड्या मातीत जिरत, थांबत, पुन्हा पुढं सरकत होतं. शालिकराम बांधावर बसला आणि पहिला वाफा भरायची वाट पाहू लागला.